जुन्या पीसीवर लिनक्स मिंट टाकलं, पण स्क्रीन १०२४ × ७६८ च्या पुढे जात नाही

ग्रंथघर | रविवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचं काम मी बघते. वाचनालयात एकच कॉम्प्युटर आहे: कोअर टू ड्युओ, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, साडेअठरा इंची एलसीडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आजवर विंडोज ७ होतं. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जाईना आणि भरतीचे फॉर्म भरायच्या काही साइट उघडेनाशा झाल्या. मुलं तालुक्याला जाऊन सायबर कॅफेत पैसे घालू लागली, ते बघवेना. भाच्याने पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट २१.३ चं एक्सएफसीई (जुन्या मशीनला झेपणारं हलकं रूप) करून दिलं आणि काल मी स्वतः ते बसवलं.

वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग, सगळं चाललं. अडलंय ते फक्त स्क्रीनवर. मॉनिटरच्या माहितीपत्रकात १३६६ × ७६८ आहे, पण सेटिंगमध्ये १०२४ × ७६८ आणि त्याखालचेच आकडे दिसतात. चित्र आडवं ताणलं गेलंय आणि अक्षरं फुगलीत. अनुस्वार वेलांटीत मिसळून जातो, जोडाक्षरं तर अंदाजानेच वाचावी लागतात. ज्येष्ठ सभासद पेपर वाचायला बसतात आणि पाच मिनिटांत डोळे चोळत उठतात.

आणखी एक. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं स्क्रीन काळीच राहिली, म्हणून भाच्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे यादीतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडला होता. आता खिडकी माऊसने ओढली की ती मागून घसरत येते, व्हिडिओ अडखळतो. याचा काही संबंध आहे का?

भीमथडी | रविवार, रात्री ९:३१

जी४१ ला हा त्रास व्हायला नको खरं तर. दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, टाकून बघा. एमएक्स लिनक्स जुन्या मशीनवर छान पळतं.

सोल्डरगन | रविवार, रात्री ९:५०

ताई, आधी केबल बदला. इचलकरंजीत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. 'रिझोल्यूशन येत नाही' म्हणून जी मशीन येतात, त्यातल्या निम्म्यांना मी फक्त केबल बदलून परत पाठवतो.

शेलशिंपला | रविवार, रात्री १०:२२

डिस्ट्रो बदलू नका, ताई. मेहनत वाया जाईल आणि अडचण तिथेही तशीच येऊ शकेल. इंटरनेटवर सापडलेल्या लांबलचक आज्ञाही एवढ्यात डकवू नका. आधी एक गोष्ट कळायला हवी: मशीनला ग्राफिक्स चिप ओळखता येत नाहीये, की चिप ओळखली आहे पण मॉनिटर ओळखता येत नाहीये? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, १०२४ × ७६८. उपाय मात्र एकमेकांच्या कामाचे नाहीत.

टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'एक्सरँडआर' एवढंच टाका. (इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरांत.) जे येईल त्यात 'कनेक्टेड' या शब्दाआधी काय नाव आहे ते सांगा. 'व्हीजीए-१' असेल तर ड्रायव्हर जागेवर आहे. 'डीफॉल्ट' असेल, किंवा नव्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) 'नन-१', 'अननोन-१' असलं काही असेल, तर ड्रायव्हर चढलेलाच नाही. मग 'इन्क्सी डॅश कॅपिटल जी' ही दुसरी आज्ञा चालवा आणि त्यात 'ड्रायव्हर' पुढे काय आहे तेही लिहा.

खिडकी घसरत येते म्हणालात, ते फार महत्त्वाचं आहे. ग्राफिक्सचं काम प्रोसेसर एकटा ओढत असला की असं होतं. माझा संशय कम्पॅटिबिलिटी मोडवर आहे.

ग्रंथघर | सोमवार, सकाळी ११:०५

वाचनालय उघडल्या उघडल्या केलं. पहिल्याच ओळीत 'गॅमा'चा आकार मिळाला नाही अशी तक्रार आहे. त्याखाली 'डीफॉल्ट कनेक्टेड प्रायमरी १०२४×७६८'. दुसऱ्या आज्ञेत ड्रायव्हरपुढे 'एन/ए' आणि रेंडररपुढे 'एलएलव्हीएमपाइप' असा शब्द आहे.

शेलशिंपला | सोमवार, दुपारी १:४०

मग पहिलं कोडं सुटलं. एलएलव्हीएमपाइप म्हणजे प्रोसेसरने सॉफ्टवेअरमधून चित्र काढणं. तुमच्या इंटेल चिपचा 'आय९१५' ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळा उतरवावा लागत नाही. त्याला थोपवून धरलंय 'नोमोडसेट' या शब्दाने. कम्पॅटिबिलिटी मोड निवडला की हा शब्द कर्नलला दिला जातो, आणि बऱ्याचदा तो बसवलेल्या सिस्टिमच्या ग्रबमध्येही (मशीन सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्राममध्ये) राहून जातो. त्याचा अर्थ 'कर्नलने स्वतः स्क्रीनचा मोड ठरवू नये' असा. मग बायॉसने जेवढं दिलं तेवढ्यावरच भागवावं लागतं.

लगेच फाइल बदलू नका, आधी एकदा तात्पुरतं करून बघा. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. ग्रबची यादी आली की पहिल्या ओळीवर 'ई' दाबा. 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या लांब ओळीच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश नोमोडसेट' असं असेल. त्यातला फक्त 'नोमोडसेट' खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. स्क्रीन काळी पडलीच तर बंद करून चालू करा, सगळं पूर्ववत असेल.

नीट चाललं तर कायमचं करायला 'ईटीसी' मधल्या 'डीफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल आहे. ती सुडो (व्यवस्थापकाचा अधिकार देणारी आज्ञा) लावून उघडा, तिथलाही तो शब्द काढा, सेव्ह करा आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. शेवटची आज्ञा विसरू नका. ती चालवल्याशिवाय फाइलमधला बदल लागू होत नाही.

निवृत्तनकाशा | सोमवार, दुपारी ४:१०

धागा वाचतो आहे. ताईंच्या प्रश्नात माझा मिसळतो, क्षमस्व. माझ्याकडे १५ इंची जुना काचेचा, म्हणजे सीआरटी मॉनिटर आहे. तिकडे १०२४ × ७६८ आपोआप येतं, पण चित्र लुकलुकतं आणि तासाभरात डोकं धरतं. दर वाढवायला गेलो तर 'आउट ऑफ रेंज'.

शेलशिंपला | सोमवार, संध्याकाळी ७:०२

काका, मॉनिटरच्या माहितीपत्रकात आडव्या वारंवारतेची मर्यादा दिलेली असते. किलोहर्ट्झमध्ये, '३०–५४' अशी काहीतरी. तेवढी सांगा.

निवृत्तनकाशा | सोमवार, संध्याकाळी ७:२०

अगदी तीच. ३० ते ५४.

शेलशिंपला | सोमवार, संध्याकाळी ७:४५

मग हिशेब सोपा आहे. १०२४ × ७६८ मध्ये दिसणाऱ्या ओळी ७६८, पण किरणाला वर परत जायला लागणारा वेळ धरून एकूण ८०६ ओळींचा वेळ जातो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे ८०६ × ६० = साधारण ४८.४ किलोहर्ट्झ. हे मर्यादेत बसतं. ७० केलंत की ५६.४ होतात, मर्यादेबाहेर. म्हणून 'आउट ऑफ रेंज'.

उलट ८०० × ६०० ला एकूण ६३१ ओळी धरल्या आणि ८५ हर्ट्झ घेतला तर ५३.६. तुमच्या मॉनिटरला जेमतेम पेलतं. सीआरटीवर ६० हर्ट्झ डोळ्याला जाणवतो, ८५ ला लुकलुक जवळपास जाते. म्हणजे मोठं रिझोल्यूशन की शांत चित्र, यातलं एकच मिळेल. वाचनासाठी मी ८०० × ६०० घेतलं असतं आणि फॉन्ट एका घराने लहान केला असता. मर्यादेबाहेरचा मोड मात्र जबरदस्तीने लादू नका. नवे सीआरटी संदेश दाखवून थांबतात, अगदी जुन्यांमध्ये ती सोय नसते आणि आतले भाग जळू शकतात.

निवृत्तनकाशा | मंगळवार, सकाळी ७:१५

८५ वर केलं. रात्री दोन तास सलग बसलो, डोकं दुखलं नाही. मनापासून आभार.

ग्रंथघर | मंगळवार, दुपारी १२:३०

'नोमोडसेट' काढलं! आधी तात्पुरतं, मग कायमचं. स्क्रीन काळी पडली नाही. खिडक्या आता बोटाबरोबर हलतात, व्हिडिओही अडखळत नाही. एवढ्यानेच वाचनालयातली दोन मुलं खूश झाली.

पण रिझोल्यूशन तिथेच आहे. आता 'व्हीजीए-१ कनेक्टेड' असं येतं आणि त्याखाली चारच आकडे: १०२४×७६८, ८००×६००, ८४८×४८०, ६४०×४८०.

शेलशिंपला | मंगळवार, दुपारी २:०५

म्हणजे तुमच्याकडे दोन दुखणी एकावर एक होती. चिप आता ओळखली गेली, मॉनिटर अजून अनोळखी आहे. हेच चार आकडे दिसले की समजायचं, मॉनिटरने स्वतःची ओळख सांगितलेली नाही. तेव्हा कर्नल सावध पवित्रा घेतो आणि १०२४ × ७६८ च्या वर जात नाही.

ही ओळख म्हणजे 'ईडीआयडी'. १२८ बाइटचा छोटासा दाखला, मॉनिटरच्या आत साठवलेला. माझा पडदा इतका, खरं रिझोल्यूशन इतकं, वारंवारता इथून तिथपर्यंत, असं त्यात असतं. १९९४ पासून ही पद्धत आहे. तो दाखला पोहोचतोय का, ते बघायची जागा: 'सिस' फोल्डरातल्या 'क्लास' मधल्या 'डीआरएम' मध्ये 'कार्ड०-व्हीजीए-१' आहे, त्यात 'ईडीआयडी' नावाची फाइल. फाइल मॅनेजरमध्ये किंवा 'एलएस' ने बघू नका, तिथे तिचा आकार नेहमी शून्यच दिसतो आणि भले भले तिथे फसतात. 'कॅट' ने वाचून पुढे उभी रेघ देऊन 'डब्ल्यूसी डॅश सी' ला द्या. उत्तर १२८ किंवा २५६ आलं तर दाखला मिळतोय. ० आलं तर सोल्डरगन पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत आहेत.

ग्रंथघर | मंगळवार, दुपारी ३:१२

०.

सोल्डरगन | मंगळवार, दुपारी ३:४०

ताई, आता केबल बघूया. व्हीजीए केबलच्या टोकाला पाच-पाचच्या तीन रांगा असतात. रंग जातात १, २, ३ मधून. आडव्या-उभ्या इशाऱ्याच्या तारा १३ आणि १४. आणि मॉनिटरचा दाखला येतो १२ आणि १५ मधून. स्वस्तातल्या केबलमध्ये या दोन तारा बऱ्याचदा घातलेल्याच नसतात. चित्र दिसायला त्यांची गरज नाही ना, म्हणून गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.

पिना मोजून निकाल लावू नका. ९ नंबरची पिन चांगल्या केबलमध्येही नसते, ते चालतं. उलट पंधराच्या पंधरा पिना असल्या तरी आत तार असेलच असं नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवून या टोकाचा १२ त्या टोकाच्या १२ ला लावा, मग १५ ला १५. दोन्हीकडे बीप आला पाहिजे. टोक तोंडासमोर, रुंद बाजू वर धरली की पिनांच्या बाजूच्या टोकावर वरची रांग डावीकडून १ ते ५, खालची ११ ते १५. बऱ्याच टोकांवर बारीक आकडे कोरलेलेही असतात.

मधे स्प्लिटर नाहीतर दोन मशीनला एक मॉनिटर जोडायचा स्विच असेल तर तोही काढा. तेही दाखला अडवतात.

ग्रंथघर | मंगळवार, रात्री ८:५५

दादा, एक शंका. हीच केबल, हाच मॉनिटर, आणि विंडोज ७ वर १३६६ × ७६८ व्यवस्थित दिसत होतं. मग केबल खराब कशी म्हणायची? आमच्या समितीतले एक जण म्हणतात, विंडोजच परत टाका.

शेलशिंपला | मंगळवार, रात्री ९:३०

शंका रास्त आहे. ओळख न पटलेला मॉनिटर विंडोजही जोडून घेतं, 'जेनेरिक' म्हणून, आणि ड्रायव्हरच्या यादीतलं रिझोल्यूशन हाताने निवडू देतं. कधीतरी कोणीतरी ते निवडून ठेवलं असणार. केबल तेव्हाही मुकीच होती, फक्त मॉनिटरला विचारायची वेळ कोणावर आली नाही.

लिनक्समध्येही हाताने निवडता येतं. नवी केबल येईपर्यंत वापरा. 'सीव्हीटी १३६६ ७६८ ६०' टाका. उत्तरात १३६८ येईल, घाबरू नका. या आज्ञेला आठच्या पटीतली रुंदी लागते आणि १३६६ ला आठने भाग जात नाही. मिळणारे आकडे असे:

८५.२५ १३६८ १४४० १५७६ १७८४ ७६८ ७७१ ७८१ ७९८, पुढे 'उणे एचसिंक अधिक व्हीसिंक'.

आता तीन पायऱ्या. 'एक्सरँडआर डॅश डॅश न्यूमोड', पुढे एक नाव आणि वरची सगळी ओळ. मग 'डॅश डॅश अॅडमोड व्हीजीए-१' आणि तेच नाव. शेवटी 'डॅश डॅश आउटपुट व्हीजीए-१ डॅश डॅश मोड' आणि तेच नाव. नाव साधं ठेवा, 'वाचन' असं काहीही चालेल, फक्त तिन्हीकडे अक्षरशः सारखं हवं.

चित्र बाजूला सरकलं किंवा अक्षर मऊ वाटलं तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. त्या वेळी स्क्रीनभर पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर उघडा असू द्या. गडद वॉलपेपर असला तर मॉनिटरला चित्राची कड सापडत नाही.

दूरदेशी | मंगळवार, रात्री ११:५०

म्युनिकहून लिहितेय. इथे विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा एका ओळखीच्या आजींचं मशीन मी उबुंटूवर नेलं. त्यांच्याकडे नेमकं हेच झालं, पण न्यूमोडच्या पायऱ्यांचा काहीच परिणाम होईना. दोन संध्याकाळी गेल्या.

शेलशिंपला | बुधवार, सकाळी ८:१०

ताई, तिथे वेलँड असणार, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारी नवी यंत्रणा. एक्सरँडआरच्या या पायऱ्या जुन्या एक्स सर्व्हरवरच चालतात. मिंट २१.३ च्या एक्सएफसीईत तोच असतो, म्हणून ग्रंथघर ताईंना अडचण नाही. वेलँडवर कर्नललाच सांगावं लागतं. ग्रबच्या त्याच ओळीत, 'क्वाएट स्प्लॅश' च्या पुढे, 'व्हिडिओ बरोबर व्हीजीए-१ विसर्ग १४४०×९००एम अॅट ६०' असं. (बरोबर, विसर्ग, अॅट ही चिन्हं, गुणाकाराच्या जागी इंग्रजी एक्स, मधे कुठेही जागा नाही.) आकडे त्यांच्या मॉनिटरचे घाला. मग अपडेट-ग्रब. एक्स असो की वेलँड, दोन्हीकडे लागू पडतं.

भीमथडी | बुधवार, सकाळी ९:२५

घाईने डिस्ट्रो बदला म्हणालो, ते चुकलं माझं. माझ्याकडे एनव्हिडियाचं जीफोर्स २१० ग्राफिक्स कार्ड आहे, ड्रायव्हर मॅनेजर काहीच सुचवत नाही. ३४० चा जुना ड्रायव्हर शोधून टाकू का?

शेलशिंपला | बुधवार, सकाळी ९:५५

नको. एनव्हिडियाने ३४० मालिकेचा आधार २०१९ च्या शेवटी थांबवला, नव्या कर्नलवर तो सरळ बसत नाही. 'नूव्हो' हा खुला ड्रायव्हर आपोआप चढलेला असेल, तोच राहू द्या. पेपर, व्हिडिओ, ऑफिसची कामं यांना पुरतो.

ग्रंथघर | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

सगळं सविस्तर लिहिते, पुढे कोणाला उपयोग होईल.

बुधवारी सकाळी न्यूमोडच्या तिन्ही पायऱ्या केल्या. पहिल्यांदा नावात एक अक्षर चुकलं, दुसऱ्यांदा चाललं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली आणि गोल हे गोल दिसायला लागलं. ऑटो बटणाने अक्षर बरंच सुधारलं. पण संध्याकाळी मशीन बंद करून चालू केलं तर परत १०२४. वाचनालयात दिवसातून तीन वेळा वीज जाते, दर वेळी कोण टाइप करणार?

म्हणून आज जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. तिथे बंद पडलेल्या प्रोजेक्टरची केबल कपाटात होती, जाडजूड, दोन्ही टोकांना गाठीसारखा फुगा असलेली. गुरुजींनी लगेच दिली. मशीन बंद करून लावली, चालू केलं, आणि मी काहीच करायच्या आत मिंटने स्वतःच १३६६ × ७६८ घेतलं. १३६८ नाही, नेमके १३६६. ती ईडीआयडीची फाइल वाचली तर १२८.

अक्षर न्यूमोडपेक्षाही स्वच्छ आहे. आमचे एक सभासद सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी आज अग्रलेख सबंध वाचला आणि चष्मा न काढता म्हणाले, 'आज शाई ओली वाटतेय.' मला फार बरं वाटलं.

शेलशिंपला दादा, सोल्डरगन दादा, दोघांचे खूप आभार. समितीतल्या काकांना १२८ हा आकडा दाखवला, त्यांनीही मान डोलावली.

सोल्डरगन | गुरुवार, संध्याकाळी ७:०५

वा ताई. जुनी केबल फेकू नका. मीटर मिळाला की तपासून बघा, नेमकी कोणती तार नाही ते कळेल. तशी केबल अडीअडचणीला चालते, ग्रबमध्ये आकडे घालून.

दूरदेशी | शुक्रवार, पहाटे २:३०

आजींकडे ग्रबची ओळ घातली, १४४० × ९०० आलं. वाचनखूण साठवली आहे.

ग्रंथघर | सोमवार, दुपारी ४:२०

धागा वर काढतेय. शाळेच्या गुरुजींनी वाचनालयातली स्क्रीन पाहिली आणि विचारलं, शाळेतली सात मशीन अशीच करता येतील का. त्यातल्या दोन ३२ बिटच्या आहेत. मी जायच्या आधी सगळ्या केबली एका टेबलावर काढून ठेवायला सांगितल्या आहेत. दादा, मल्टिमीटर कोणता घेऊ? आणि त्या दोन मशीनचं काय करू?

शेलशिंपला | सोमवार, संध्याकाळी ५:१५

मिंटची मुख्य आवृत्ती २० पासून, म्हणजे २०२० पासून, ३२ बिटवर येत नाही. त्या दोघांवर डेबियन १२ टाका, ३२ बिटचा इन्स्टॉलर असलेलं ते शेवटचं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ मध्ये तो नाही. कम्पॅटिबिलिटी मोड कुठेही निवडू नका, आधी पाच मिनिटं काळ्या स्क्रीनसमोर वाट बघा. जुन्या यूएसबीला तेवढा वेळ लागतो.

सोल्डरगन | सोमवार, संध्याकाळी ५:३०

सगळ्यात साधा मीटर चालेल, फक्त त्याला बीप पाहिजे. १२ आणि १५.